गुप्तधन: सुरतेचा खजिना, जोगलटेंभीची नाणी आणि कायदा काय सांगतो

बागलाण-दिंडोरीकडे गडाचा विषय निघाला की सुरतेचा खजिना तिथंच कुठंतरी पुरलाय, असं सांगणारा भेटतोच. इतिहास वेगळं सांगतो. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटून शिवाजी महाराज बागलाणातून परतत होते. मोगल सरदार दाऊदखान आडवा आला. महाराजांनी खजिना पुढं काढून दिला आणि स्वतः मागं थांबून वणी-दिंडोरीची लढाई जिंकली. ज्या पैशासाठी एवढी झुंज दिली तो वाटेत पुरून कोण जाईल? फौजेचा पगार होता, गड बांधायचे होते.

जमिनीत धन सापडतच नाही, असंही नाही. १९०६ साली सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीत १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी निघाली. नाणी क्षत्रप राजा नहपानाची, पण ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारलेला. सातवाहनांनी नहपानाला हरवल्याचा हा मोठा पुरावा ठरला. पूर्वी बँका नव्हत्या. माणसं पैसा मडक्यात घालून पुरायची, धनी दगावला की ठेवा तिथंच राहायचा. त्यात नागाचा पहारा वगैरे काही नसतं.

पण मांत्रिकाचा धंदा या नागावरच चालतो. पायाळू माणूस आणा, मांडूळ आणा, अमावस्येला पूजा मांडा. आधीच पुरून ठेवलेलं पितळेचं भांडं रात्री खड्ड्यातून निघतं आणि घरच्यांचा विश्वास बसतो. मग विधीचा खर्च वाढत जातो. शेवटी ‘कुणीतरी मागं वळून पाहिलं, धन खाली सरकलं’ असं सांगून बाबा पसार. मांडूळ पकडणं हा वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, ते वेगळंच.

याचं टोक म्हणजे परभणी जिल्ह्यातलं मानवत. १९७२ ते १९७४ या काळात तिथं गुप्तधनासाठी लहान मुली आणि बायकांचे बळी घेतले गेले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठीचे अघोरी प्रकारही येतात. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे कैद, शिवाय ५ हजार ते ५० हजार रुपये दंड.

नांगरताना, विहीर खोदताना खरंच काही सापडलं तर? १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा पुरलेला ठेवा मिळाला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. चौकशीत कुणी मालक निघाला नाही तर साधारणपणे तीन हिस्से सापडणाऱ्याला आणि एक हिस्सा जागामालकाला, असं वाटप कायद्यातच आहे. लपवलं तर हिस्सा जातो, वर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

गडावर मात्र कुदळ लावूच नये. साल्हेर २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला आहे. रात्री कुठं अशी खोदाई दिसली तर ११२ नंबरवर कळवता येतं.