टॅबवर एकाच वेळी दोन ॲप्स: स्प्लिट स्क्रीन कुठे कामाला येते आणि कुठे नाही

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे घरोघरी टॅब आले. काहींनी ऑनलाइन शाळेच्या काळात घेतले, तर काहींना नागपूरच्या महाज्योती संस्थेकडून मिळाले. ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलामुलींना जेईई, नीट आणि सीईटीच्या तयारीसाठी ही संस्था मोफत प्रशिक्षण देते, सोबत टॅब आणि रोजचा ६ जीबी डेटाही. मी मूळचा कंधारचा, सध्या पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून काम करतो. गावी गेलो की नात्यातली, गल्लीतली पोरं टॅब घेऊन येतात आणि प्रश्न साधारण एकच असतो: 'दादा, लेक्चर चालू ठेवून पुस्तक कसं बघायचं?' लातूरला किंवा नांदेडला खोली करून क्लास लावणं प्रत्येक घराला जमत नाही. ज्यांना जमत नाही त्यांचा क्लास त्या दहा इंचांतच असतो. म्हणून ते दहा इंच नीट वापरता आले पाहिजेत.

स्प्लिट स्क्रीन म्हणजे स्क्रीनचे दोन भाग करून दोन ॲप्स एकत्र चालवणं. सॅमसंगच्या काही टॅबवर ही सोय २०१२ पासून होती. सगळ्या अँड्रॉइडसाठी ती २०१६ मध्ये अँड्रॉइड ७ सोबत आली, आणि आयपॅडवर २०१५ मध्ये आयओएस ९ सोबत. म्हणजे तुमचा टॅब चार-पाच वर्षं जुना असला तरी ही सोय बहुधा त्यात आहेच. अपवाद एक: अगदी कमी रॅमच्या, 'अँड्रॉइड गो' आवृत्तीच्या टॅबवर ती सहसा बंदच ठेवलेली असते. तिथे सेटिंगमध्ये शोधत बसू नका, मिळणार नाही.

सुरू कसं करायचं?

आधी दोन्ही ॲप्स एकदा उघडून घ्या. मग खालून वर बोट सरकवून क्षणभर थांबा (खाली तीन बटणं असतील तर चौकोनी किंवा तीन रेघांचं बटण दाबा). अलीकडे उघडलेल्या ॲप्सची कार्डं दिसतील. पहिल्या ॲपच्या कार्डावर वर जो छोटा आयकॉन असतो त्यावर टॅप केलं की मेनूमध्ये 'स्प्लिट स्क्रीन' येतं. काही कंपन्यांच्या टॅबवर कार्ड दाबून धरावं लागतं. ते निवडा, मग दुसरं ॲप निवडा, झालं.

अँड्रॉइड १२एल किंवा त्यानंतरची आवृत्ती असेल तर याहून सोपं आहे. एक ॲप उघडं असताना खालून थोडंसंच वर सरकवा, टास्कबार दिसेल. त्यातला आयकॉन दाबून धरा आणि स्क्रीनच्या कडेला ओढून सोडा. मी स्वतः हीच पद्धत वापरतो. सॅमसंगवर नेहमीची जोडी 'ॲप पेअर' म्हणून साठवता येते, आणि अँड्रॉइड १५ पासून ही सोय इतर बऱ्याच टॅबवरही आली आहे. रोज तेच लेक्चर ॲप आणि तेच पीडीएफ ॲप लागत असेल तर एवढं नक्की करून ठेवा.

मधली पट्टी ओढली की भाग लहान-मोठे होतात. पट्टी पार कडेपर्यंत ओढली की एक ॲप बंद होऊन दुसरं पूर्ण स्क्रीनवर येतं. आयपॅडवर जुन्या आवृत्तीत वरच्या तीन ठिपक्यांतून हे होतं. आयपॅडओएस २६ मध्ये मात्र कॉम्प्युटरसारख्या खिडक्या आल्या आहेत, तिथे खिडकी कडेला सरकवून बसवायची.

टॅब आडवा की उभा?

इथे जवळजवळ सगळे टॅब आडवा धरतात, कारण व्हिडिओ आडवा असतो. पण जरा माप घेऊन बघा. १६:१० आकाराचा १०.१ इंची टॅब साधारण साडेआठ इंच लांब आणि सव्वापाच इंचांच्या किंचित वर रुंद असतो. आडवा धरून मधोमध दोन भाग केले की प्रत्येक भाग सव्वाचार इंच रुंद होतो. त्यात १६:९ चा व्हिडिओ बसवला तर त्याची उंची जेमतेम २.४ इंच. वर-खाली नुसतं काळं. फळ्यावर सरांनी लिहिलेला घातांक वाचायला डोळे बारीक करावे लागतात.

आता टॅब उभा धरा. भाग वर-खाली होतात आणि वरच्या भागात व्हिडिओला सव्वापाच इंचांची पूर्ण रुंदी मिळते, म्हणजे उंची ३ इंच. क्षेत्रफळात व्हिडिओ जवळजवळ दीडपट मोठा झाला! मधली पट्टी थोडी वर सरकवली की खाली पुस्तकालाही पूर्ण रुंदी आणि चांगली उंची राहते. ई-बालभारतीची पीडीएफ या रुंदीत न झूम करता बऱ्यापैकी वाचता येते. लेक्चर आणि पुस्तक या जोडीसाठी टॅब उभाच चांगला, यावर मी वाद घालायला तयार आहे. दोन्हीकडे मजकूरच असेल, समजा प्रश्नपत्रिका आणि उत्तरं, तर आडवा ठीक.

आठ इंची टॅब असेल तर हे सगळं ओढूनताणून होतं. उभा धरून लेक्चर-पुस्तक चालतं, बाकी फार अपेक्षा ठेवू नका.

फॉर्म भरताना खरी गरज

अभ्यासाइतकाच, किंबहुना जास्त उपयोग मला फॉर्म भरताना दिसतो. सीईटीचा अर्ज, महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रवेशाची कागदपत्रं. दहावीच्या गुणपत्रिकेवर जसं नाव आहे तसंच्या तसं, प्रमाणपत्राचा क्रमांक, तारीख, बँकेचा आयएफएससी कोड. पोरं काय करतात? ब्राउझरमध्ये फॉर्म, मग गॅलरीत जाऊन प्रमाणपत्राचा फोटो बघणं, परत फॉर्म. तिसऱ्या-चौथ्या फेरीला पान पांढरं होतं, नव्याने लोड होतं आणि भरलेलं सगळं गायब. मग नेट कॅफेत पैसे देऊन तोच फॉर्म. माझ्या मामेबहिणीचं नॉन-क्रीमिलेयरचं माहिती भरणं असंच दोनदा उडालं होतं.

बऱ्याचदा यात वेबसाइटचा दोष नसतो. ३-४ जीबी रॅमच्या टॅबवर मेमरी कमी पडली की अँड्रॉइड मागे गेलेली ॲप्स बंद करत सुटतं. तुम्ही गॅलरीत गेलात त्या क्षणी ब्राउझर 'मागे' गेला, त्याचा नंबर लागला. स्प्लिट स्क्रीनमध्ये दोन्ही ॲप्स डोळ्यांसमोर असतात. जे ॲप स्क्रीनवर दिसतंय त्याला सिस्टीम अगदी शेवटी हात लावते. म्हणून एका बाजूला फॉर्म आणि दुसऱ्या बाजूला प्रमाणपत्र ठेवलं की फॉर्म जागचा हलत नाही. वर आकडे समोर दिसत असल्यामुळे अंकांची अदलाबदलही कमी होते.

दोन गोष्टी मात्र यानेही सुटत नाहीत. साइटचं लॉगिन ठरावीक वेळेनंतर आपोआप संपतं, त्याला स्क्रीनचा काही संबंध नाही. तेव्हा मध्ये 'सेव्ह'चं बटण असेल तर दाबत राहा. आणि टाइप करताना कीबोर्ड वर आला की अर्धी जागा खातो. जीबोर्ड वापरत असाल तर त्याच्या मेनूत 'फ्लोटिंग' पर्याय आहे, कीबोर्ड छोटा होऊन कुठेही सरकवता येतो.

दोन्ही भागांत ब्राउझरच हवा असेल, म्हणजे इकडे फॉर्म आणि तिकडे माहितीपुस्तिका, तर क्रोमच्या तीन ठिपक्यांत 'नवीन विंडो' आहे. सगळी ॲप्स अशी दोनदा उघडत नाहीत.

लेक्चर मध्येच थांबतं, ते का?

अँड्रॉइड ९ पर्यंत दोन भागांपैकी ज्याला तुम्ही शेवटचा हात लावला तेच ॲप पूर्ण 'जागं' असायचं, दुसरं थांबलेल्या अवस्थेत. त्यामुळे पुस्तकाचं पान उलटलं की काही ॲप्समधला व्हिडिओ बंद पडायचा. अँड्रॉइड १० पासून दिसणारी दोन्ही ॲप्स जागी राहू शकतात. तरीही व्हिडिओ थांबत असेल तर ते त्या लेक्चर ॲपच्या बनावटीमुळे. तेच लेक्चर ब्राउझरमधून चालतंय का ते बघा.

आवाजाचं वेगळं आहे. एका वेळी एकाच ॲपकडे आवाजाचा ताबा असावा अशी अँड्रॉइडची रीत आहे. दुसऱ्या भागात एखादा व्हिडिओ सुरू केला की पहिला बहुधा थांबतो. हा बिघाड नाही.

लाइव्ह लेक्चर चालू असताना खालच्या भागात भलीमोठी स्कॅन केलेली पीडीएफ उघडू नका. मेमरी तर जातेच, टॅब गरमही होतो. दुपारी लाइट गेलेली असेल, पंखा बंद, त्यात टॅब तापलेला, मग लेक्चर अडकणारच. शक्य तिथे लेक्चर आदल्या रात्री डाउनलोड करून ठेवा आणि पीडीएफ धड्यानुसार वेगवेगळ्या.

सराव परीक्षेला मात्र स्प्लिट स्क्रीन बंद. जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी कॉम्प्युटरवर होतात, तिथे पूर्ण स्क्रीन एकाच पेपरची असते आणि डोळ्यांना त्याच मांडणीची सवय हवी. नीट तर कागदावर, ओएमआर पत्रिकेवर. त्यासाठी पेपर टॅबवर आणि उत्तरं छापलेल्या ओएमआरवर पेनने, हेच बरं. टिपणांबाबतही माझं मत तेच आहे: टॅबच्या अर्ध्या भागात बोटाने टिपणं काढण्यापेक्षा शेजारी वही ठेवा, आणि तो अर्धा भाग पुस्तकाला द्या.