कुलपांची पुस्तके

१९९८च्या जुलैमध्ये, फाउंटनजवळच्या फुटपाथवर, प्लॅस्टिकच्या कागदाखाली झाकलेल्या ढिगातून मी एक जाडजूड लाल पुस्तक उचलले. घासाघीस करून ते चारशे रुपयांना मिळाले. लेखक ब्रूस श्नायर, पुस्तकाचे नाव 'अप्लाइड क्रिप्टोग्राफी', १९९६ची दुसरी आवृत्ती. विषय कूटलेखनाचा: संगणकात साठवलेला किंवा तारेवरून जाणारा मजकूर तिऱ्हाइताला वाचता येऊ नये म्हणून त्याचे रूप कसे पालटायचे, याचे शास्त्र. मी तेव्हा एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात नोकरीला होतो.

पुस्तकाच्या अखेरीस पानेच्या पाने सी भाषेतले प्रोग्रॅम छापले होते. ज्यांना ते टाइप करण्याचा कंटाळा असेल त्यांच्यासाठी फ्लॉपींचीही सोय होती. मात्र त्या फक्त अमेरिका आणि कॅनडात राहणाऱ्यांनाच मिळणार होत्या. म्हणजे पुस्तक मुंबईच्या फुटपाथपर्यंत बिनदिक्कत येऊ शकत होते, पण त्यातलाच मजकूर फ्लॉपीवर भरून मला पाठवायचा तर सरकारी परवाना हवा होता. या विसंगतीचे मला तेव्हा हसू आले. पुढे तीन महिन्यांत असे काही घडले की हसू मावळले, आणि या विषयावरची पुस्तके मी नेटाने जमवू लागलो.

आमच्या एका शाखेत खोटी नोंद करून एका खात्यातून रक्कम काढली गेली. संगणकातली नोंद एका कॅशियरच्या पासवर्डने झालेली होती. ते निलंबित झाले. वरिष्ठांचा युक्तिवाद सरळ होता: पासवर्ड फक्त त्यांनाच ठाऊक, संगणकात तो सांकेतिक रूपात साठवलेला, आणि ती सांकेतिक पद्धत सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीने पूर्ण गुप्त ठेवलेली. तेव्हा नोंद त्यांचीच. कॅशियर वीस वर्षे काउंटरवर बसलेले. "मी केलेलं नाही," एवढेच ते म्हणत राहिले.

मी पासवर्डांची फाइल छापून घेतली. माझा स्वतःचा पासवर्ड मला माहीत होता. तो पाच-सहा वेळा बदलला आणि दर वेळी फाइलमध्ये काय बदलते ते कागदावर मांडत गेलो. जेवणाच्या सुट्टीत सुरू केलेले काम संध्याकाळच्या चहाला संपले. प्रत्येक अक्षर काही घरे पुढे सरकवलेले होते. पहिल्या अक्षराला तीन, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला पाच. बस्स, एवढेच. ज्याला ती फाइल उघडता येत होती, त्याला साऱ्या शाखेचे पासवर्ड वाचता येत होते. मी तो कागद घेऊन साहेबांकडे गेलो. त्यांनी तो दोनदा पाहिला आणि विचारले, "हे तुम्हाला कसं कळलं?"

प्रश्न कॅशियरचा होता. त्या क्षणी तो माझाही झाला. कुलपातला दोष दाखवणाऱ्याकडे चोर म्हणून पाहायचे, ही रीत मात्र माझ्या साहेबांनी काढलेली नव्हती. तिचा इतिहास मला सापडला तो पुस्तकांतच.

१८५१ साली लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेसचे जगप्रसिद्ध प्रदर्शन भरले. तिथे आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज नावाचा अमेरिकन कुलूपविक्रेता आला होता. त्या वेळी इंग्लंडमध्ये चब कंपनीचे कुलूप अभेद्य मानले जाई. कोणी छेडछाड केली की ते अडकून बसे आणि मालकाला सुगावा लागे. हॉब्जने ते साक्षीदारांसमोर सुमारे २५ मिनिटांत उघडले. ब्रामा कंपनीचे दुसरे एक कुलूप पिकॅडिलीतल्या दुकानाच्या खिडकीत १७९०पासून मांडलेले होते. ते उघडणाऱ्याला २०० गिनींचे बक्षीस होते. साठ वर्षे कोणाला ते जमले नव्हते. हॉब्जने १६ दिवसांत मिळून ५१ तास खपून तेही उघडले. लंडनमध्ये गहजब झाला. हा माणूस चोरांना शिकवतो आहे, असा ओरडा झाला.

उत्तर पुस्तकाने दिले. १८५३मध्ये हॉब्जने पुरवलेल्या माहितीवरून चार्ल्स टॉमलिन्सन यांनी कुलपांच्या रचनेवर एक छोटेखानी पुस्तक संपादित केले. जॉन वील या प्रकाशकाच्या स्वस्त शास्त्रीय मालेत ते निघाले. त्यातला मुद्दा असा की चोर आपल्या धंद्यात तरबेज असतात, आपण शिकवण्याआधीच त्यांना बरेच ठाऊक असते. दोष लपवल्याने अंधारात राहतो तो कुलूप विकत घेणारा प्रामाणिक माणूस. हॉब्ज काही साधुपुरुष नव्हता, त्याला स्वतःची कुलुपे खपवायची होती. पण त्यामुळे मुद्दा खोटा ठरत नाही.

तीस वर्षांनी, १८८३मध्ये, पॅरिसमध्ये जर्मन शिकवणारे ओग्युस्त केर्कहॉफ्स यांनी लष्करी कूटलेखनावर एक प्रदीर्घ निबंध फ्रेंच लष्करी नियतकालिकात छापला. त्यातल्या सहा अटींपैकी एक आजही या शास्त्राचा पाया मानली जाते: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त असावी ती किल्ली. पद्धत हजारो लोकांना माहीत असते, यंत्रांत असते, नियमपुस्तिकांत असते. ती फार काळ लपत नाही. किल्ली मात्र छोटी असते, हरवली तर बदलता येते.

पद्धत हेच गुपित असले की काय होते, याचे उदाहरण मराठी वाचकाच्या घरातलेच आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. शतकानुशतके ते पंथाबाहेर कोणाला वाचता आले नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्या लिपीचा उलगडा केला आणि एका पोथीचे नव्हे, तर त्या लिपीतल्या सगळ्याच पोथ्यांचे दार उघडले. मराठी वाङ्मयाचे त्यात भाग्यच उजळले. पण कुलूप म्हणून पाहिले तर धडा स्पष्ट आहे: पद्धतीचे गुपित एकदाच फुटते, आणि फुटले की सगळीकडे फुटते. आमच्या बँकेतली फाइलही तशीच होती.

केर्कहॉफ्सचा विचार सरकारांना मात्र पचनी पडला नाही. १९३१मध्ये हर्बर्ट यार्डली यांनी 'द अमेरिकन ब्लॅक चेंबर' हे पुस्तक लिहून अमेरिकेच्या सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या खात्याची हकिगत जगजाहीर केली. जपानची राजनैतिक तारायंत्रे आपण वाचत होतो, हेही त्यात होते. १९३३मध्ये त्यांच्या पुढच्या पुस्तकाचे हस्तलिखित जप्त झाले आणि अशा प्रकाशनाला आळा घालणारा कायदा झाला. इथे सरकारची बाजू अगदीच पोकळ नव्हती, हे मान्य करायला हवे. यार्डलींनी उघड केले ते कुलपाचे शास्त्र नव्हते. कोणाचे कुलूप आपण उघडले आहे, ही बातमी होती. हा फरक पुढच्या वादांत वारंवार पुसला गेला.

१९६७मध्ये डेव्हिड कान या पत्रकाराचा 'द कोडब्रेकर्स' हा हजारावर पानांचा इतिहासग्रंथ आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, म्हणजे एनएसएने, तो निघू नये म्हणून हालचाली केल्या. प्रकाशकाने हस्तलिखित सरकारला दाखवले, काही मजकूर गळला, पण ग्रंथ निघाला. तो बारकाईने वाचणाऱ्यांत व्हिटफिल्ड डिफी नावाचा तरुण होता. १९७६मध्ये डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. कधीही न भेटलेल्या दोन माणसांना उघड्या तारेवरून बोलत गुप्त किल्ली ठरवता येते, हे त्यात दाखवले होते. आज आपण फोनवरून बँकेचे व्यवहार करतो त्यामागे ही कल्पना आहे. एका पत्रकाराच्या पुस्तकाने सरकारी भिंतीबाहेर हे शास्त्र रुजवायला हातभार लावला, असे म्हणता येते.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९७७मध्ये, मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या गणिती कोड्यांच्या सदरात एमआयटीतल्या तिघांची आरएसए पद्धत सांगितली. १२९ अंकी संख्येचे अवयव पाडून संदेश उलगडणाऱ्याला १०० डॉलर बक्षीस होते. सविस्तर टिपण हवे असलेल्यांनी आपला पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट पाठवायचे होते. हजारो पाकिटे आली. त्यात परदेशीही होती, आणि तिथेच घोडे अडले: कूटलेखन हे शस्त्रास्त्रांच्या निर्यातयादीत मोडते, असा इशारा देणारे पत्र आले होते. टिपणे काही महिने थांबली, मग रवाना झाली. ती संख्या १९९४मध्ये फुटली. त्यासाठी सुमारे ६०० स्वयंसेवकांचे संगणक आठ महिने राबत होते.

फ्लॉपीचे कोडे मला इथे सुटले. तोफा आणि दारूगोळ्याच्या यादीत कूटलेखनाचे प्रोग्रॅम होते, पण छापील पुस्तकाला अमेरिकी राज्यघटनेतल्या मुद्रणस्वातंत्र्याचे कवच होते. १९९४मध्ये फिल कार्न या अभियंत्याने सरकारला विचारले, श्नायर यांचे पुस्तक परदेशी पाठवू का? उत्तर आले, पाठवा, ते आमच्या अखत्यारीत नाही. मग त्याने विचारले, त्यातलेच प्रोग्रॅम फ्लॉपीवर भरून पाठवू का? उत्तर आले, नाही. अक्षर न् अक्षर तेच. फक्त कागदाऐवजी चुंबकीय तबकडी. कार्न कोर्टात गेला आणि १९९६मध्ये तिथल्या पहिल्या कोर्टात हरला.

पण कागदाची ही फट एव्हाना इतरांनी हेरली होती. फिलिप झिमरमन यांनी १९९१मध्ये सामान्य माणसाला आपली पत्रे सुरक्षित ठेवता यावीत म्हणून पीजीपी हा प्रोग्रॅम फुकट वाटला. तो देशाबाहेर पोचल्यावर त्यांच्यामागे फौजदारी चौकशी लागली. ती सुमारे तीन वर्षे चालली आणि जानेवारी १९९६मध्ये कोणताही आरोप न ठेवता संपली. दरम्यान १९९५मध्ये एमआयटीच्या प्रकाशनसंस्थेने त्या प्रोग्रॅमचा सगळा मजकूर पुस्तकरूपात काढला, तोही यंत्राला सहज वाचता येईल अशा टाइपात. १९९७मध्ये पुढच्या आवृत्तीची सहा हजारांहून अधिक पाने छापून रीतसर युरोपात नेण्यात आली. तिथे स्वयंसेवकांनी पानेच्या पाने स्कॅन करून, चुका दुरुस्त करून, प्रोग्रॅम पुन्हा उभा केला. आपल्याकडच्या नकलनवीस लेखकांची परंपरा आठवावी असेच हे काम.

मी लाल पुस्तक घेतले त्याच जुलै १९९८मध्ये आणखी एक गोष्ट घडली. अमेरिकी सरकारने १९७७पासून प्रमाण मानलेल्या डीईएस या कूटपद्धतीच्या किल्ल्या सुमारे ७२ हजार लाख कोटी होत्या. त्या सगळ्या तपासणे फार खर्चाचे आहे, अशी ग्वाही दिली जाई. इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन या संस्थेने अडीच लाख डॉलरांहून कमी खर्चात यंत्र बांधले आणि ५६ तासांत किल्ली शोधली. मग 'क्रॅकिंग डीईएस' या पुस्तकात त्या यंत्राचे आराखडे आणि प्रोग्रॅम छापून टाकले, स्कॅन करता येतील असे. ते बांधण्याची ऐपत असलेल्या सरकारांना आणि टोळ्यांना ही बातमी नवी नसावी. नवी होती ती डीईएसवर विसंबलेल्या बँकांना. २०००च्या जानेवारीत अमेरिकेने निर्यातीचे नियम सैल केले आणि कागद व फ्लॉपीमधला तो हास्यास्पद भेद बराचसा संपला.

या पुस्तकांमुळे कोणी वाईट माणूस काहीच शिकला नसेल, असे मी म्हणणार नाही. पण बँकेतल्या माणसाला एक गोष्ट लगेच पटेल. क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाने १९८९च्या 'द कुकूज एग' या पुस्तकात आपली हकिगत सांगितली आहे. बर्कलेच्या प्रयोगशाळेतल्या संगणकाच्या हिशेबात ७५ सेंटांचा फरक आला. तो शोधता शोधता त्याला जर्मनीतून शिरकाव करणारा हेर सापडला. हेर शिरत होता तो बऱ्याचदा विक्रेत्याने दिलेले आणि कोणीच न बदललेले पासवर्ड वापरून. चोराला हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. शिकायचे होते ते पहारेकऱ्यांना.

चौकशीच्या दिवशी मी लाल पुस्तक पिशवीतून नेले. चौकशी अधिकाऱ्यांनीही तोच प्रश्न विचारला. मी पहिले प्रकरण उघडून त्यांच्यासमोर ठेवले. अक्षरे सरकवण्याची पद्धत तिथे जुनी, सहज फुटणारी म्हणून सुरुवातीलाच आली होती. "हे चारशे रुपयांना फाउंटनला मिळतं साहेब," मी म्हणालो. "मला मिळालं तसं कोणालाही मिळेल." ते बराच वेळ पाने चाळत राहिले. हे पुस्तक छापील नसते, कोणी पाठवलेली फ्लॉपी असती, तर त्या दिवशी माझ्याकडेही संशयितांच्या रांगेतूनच पाहिले गेले असते.

नोंद कोणी केली ते अखेरपर्यंत कळले नाही. कॅशियर सात महिन्यांनी कामावर परत आले. निलंबनाचा शेरा मात्र त्यांच्या सेवापुस्तिकेत राहिला. सॉफ्टवेअर कंपनीने पद्धत बदलली. नवी पद्धतही त्यांनी गुप्तच ठेवली.

परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात कॅशियर माझ्या टेबलापाशी आले. पुस्तक हातात घेऊन त्यांनी वजन पाहिले आणि विचारले, "हे मराठीत आहे का हो?" मी नाही म्हणालो. ज्या कुलपाने त्यांना सात महिने घरी बसवले, ते कसे चालते हे त्यांना स्वतःच्या भाषेत वाचायचे होते. कुलपांची पुस्तके कोणासाठी असतात, याचे इतके नेमके उत्तर मला कुठल्याच ग्रंथात सापडलेले नाही.