खराऱ्याला बिचकणारा घोडा

घोड्याच्या अंगावरची धूळ, वाळलेला घाम आणि गळणारे केस काढण्याच्या दातेरी साधनाला मराठीत खरारा म्हणतात. त्या कामालाही तेच नाव आहे. ते काम करणारा मोतद्दार. नळदुर्ग व परंडा या किल्ल्यांवरील घोडदळाचा काळ सरला, पण धाराशिव जिल्ह्यातून घोडा मात्र पुरता गेलेला नाही. लग्नाच्या वरातीत तो सजून येतो. परंडा तालुक्याला लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यात व पुढे पुणे, सातारा भागात धनगर मेंढपाळांचे बिऱ्हाड काटक भीमथडी घोडी वाहून नेतात. कर्नाल येथील राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने आता भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे.

अशा घोड्यांपैकी एखादा अंगाला हात लावू देत नाही. खरारा दिसताच कान मागे पाडतो, शेपूट झटकतो, चावायला धावतो किंवा मागचा पाय उचलतो. बाजारात त्याला 'खोडीचा घोडा' म्हणतात. मग त्याची किंमत पडते आणि बहुधा पाठीवर चाबूकही पडतो. वास्तविक ही खोड बऱ्याचदा दुखण्याची खूण असते.

त्वचा किती हळवी?

अंगावर माशी बसली तरी घोड्याला ती कळते आणि तेवढ्याच जागेची कातडी थरथरवून तो तिला उडवतो. त्याच कातडीवर लोखंडी खरारा जोराने ओढला तर काय वाटत असेल, याची कल्पना करावी. पोट, कूस, मांड्यांची आतली बाजू आणि कानांभोवतीचा भाग अधिक नाजूक असतो. तोंड व गुडघ्याखालील पाय येथे हाडावर मांस नसते; तेथे दातेरी खरारा लावूच नये, मऊ ब्रश किंवा ओले फडके वापरावे. प्रत्येक घोड्याची सोसण्याची शक्तीही सारखी नसते.

आधी दुखणे शोधावे

आजवर शांत असलेला घोडा अचानक स्पर्श टाळू लागला, तर प्रथम पशुवैद्यकाला दाखवावे. पाठीवर हलका हात फिरवून सूज, उष्ण जागा किंवा खोगिराने पडलेली जखम आहे का, ते पाहावे. गाठाळलेली खोगीरभरती केवळ वाक्प्रचारातच वाईट नसते. तिच्या गाठी पाठीत रुततात. गोचीड, उवा, गजकर्ण, पावसाळ्यात धरणाऱ्या खपल्या आणि चिलटांच्या चाव्याने उठणारी खाज हीही कारणे असतात. घोड्याला धनुर्वात चटकन होतो, म्हणून लहान जखमेकडेही दुर्लक्ष करू नये.

तंग आवळताना घोडा चावत असेल, तर जठरातील व्रणाची शंका घ्यावी. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरते आणि त्याला चाऱ्याची जोड लागते. वरातीसाठी तासन्‌तास उपाशी उभ्या राहणाऱ्या घोड्याला हा धोका अधिक.

कातडीवर फुटणाऱ्या गाठी व व्रण दिसले आणि नाकातून घट्ट स्राव येत असेल, तर उघड्या हाताने स्पर्श करू नये. ग्लँडर्स हा रोग माणसालाही होतो. त्याची माहिती शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्याला तत्काळ द्यावी. तपासणी हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते.

भीती असेल तर

दुखणे नसेल, तर पूर्वीचा मार किंवा घाई कारणीभूत असू शकते. घोड्याला थेट कपाळासमोरचे व शेपटीमागचे दिसत नाही. म्हणून आवाज देत, तिरकस खांद्याकडे जावे.

घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात ते मुख्यतः आयाळ संपते त्या जागी, खांद्यांच्या वर. कामार्ग जातीच्या घोड्यांवरील, १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथे खाजवल्यावर हृदयाचे ठोके मंदावल्याचे आढळले. सुरुवात तेथूनच, तळहाताने करावी. घोडा मान सैल सोडू लागला, वरचा ओठ पुढे काढू लागला किंवा डोळे अर्धवट मिटू लागला, की त्याला बरे वाटते आहे असे समजावे.

खरे मर्म हात केव्हा काढावा यात आहे. घोड्याने लाथ झाडताच हात काढला, तर लाथेने सुटका होते हे तो शिकतो. तो क्षणभर स्थिर उभा राहिला, की हात काढावा. मग स्थिर राहणे लाभाचे आहे हे त्याला उमगते. तो फारच घाबरला, तर जेथवर हात सहन झाला होता तेथे परतावे आणि तेथून पुन्हा पुढे सरकावे. रोज पाच-दहा मिनिटे पुरेशी असतात. एका दिवसात सारे अंग साफ करण्याचा हट्ट धरू नये. लाथेच्या टप्प्यात मुलांना उभे करू नये. ओठाला दोरीचा पीळ घालून किंवा पाय बांधून खरारा उरकता येतो, परंतु दुसऱ्या दिवशी भीती वाढलेलीच दिसते.

खराऱ्याची वेळ ही तपासणीचीही वेळ असते. जखम, सूज, सैल झालेला नाल याच वेळी हाताला लागतात. घोडा हात लावू देत नसेल, तर त्याचे आजार उशिरा कळतात, आणि उशिराची किंमत मालकापेक्षा घोड्यालाच अधिक मोजावी लागते. म्हणून खोडीचा शिक्का मारण्याआधी तो कोठे बिचकतो, ती जागा नीट पाहावी.