अमेरिकेतून आणलेला टायमर, डिमर, स्मार्ट स्विच इथे चालेल का?

अमेरिकेतून सुटीवर येणाऱ्यांच्या बॅगेत आता स्मार्ट प्लग, डिमर, टायमर असं काहीतरी असतंच. मग साकोली-तुमसरकडच्या नातेवाइकांकडून मला एकच प्रश्न येतो: "फक्त पिन बदलली की चालेल ना?" मोबाईलच्या चार्जरला चालतं, कारण त्यावर '१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असं छापलेलं असतं. पण दुसऱ्या वस्तूला चालू-बंद किंवा कमी-जास्त करणाऱ्या वस्तूंचं तसं नाही. अमेरिकेत घरातल्या सॉकेटला १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ असतात, आपल्याकडे २३० आणि ५०.

आमच्या भंडाऱ्यात धानाच्या शेतावर पंपाचा स्टार्टर सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्यात दोन भाग असतात. कॉइल, जी स्वतः विजेवर चालून पट्टी ओढते. आणि कॉन्टॅक्ट, ज्यातून मोटरची वीज जाते. व्होल्टेज पडलं की पट्टी सुटते ती कॉइलमुळे. कॉन्टॅक्ट कितीही दणकट असले तरी चुकीच्या व्होल्टेजची कॉइल टिकत नाही.

स्मार्ट स्विच म्हणजे हाच स्टार्टर, छोटा केलेला. आतल्या रिलेवर '१० अँपिअर, २५० व्होल्ट' लिहिलेलं असतं आणि लोक इथेच फसतात. ती कॉन्टॅक्टची क्षमता झाली. स्विचचं स्वतःचं सर्किट किती व्होल्टवर चालतं ते बाहेरच्या लेबलवर 'इनपुट' म्हणून असतं. तिथे नुसतं '१२० व्होल्ट' असेल तर विषय संपला.

का, तेही बघू. लाट शोषून घ्यायला आत व्हॅरिस्टर नावाची चकती बसवतात. अमेरिकन वस्तूत ती साधारण १३० ते १५० व्होल्टची असते. आपल्या २३० व्होल्टचं शिखर मात्र सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जातं. त्यामुळे एरवी गप्प बसणारी चकती सेकंदाला शंभर वेळा वीज ओढू लागते, तापते आणि फुटते. फ्यूज आधी उडाला तर नशीब. साध्या हीटरसारख्या भारातही उष्णता साडेतीन पटीहून जास्त होते. म्हणून 'एकदा लावून तर बघू' हा प्रयोग लाकडी बोर्डावर, घरात कोणी नसताना तर अजिबात नको.

स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावला तर? स्विच वाचेल. पण त्याच्या पुढे येणारी वीजही १२० व्होल्टच असेल, म्हणजे इथला बल्ब मिणमिणेल आणि पंखा रेंगाळेल. स्विच आणि त्यावर चालणारी वस्तू दोन्ही अमेरिकन असतील तरच त्याचा उपयोग. (एक स्मार्ट प्लग वापरायला चार किलोचा डबा, हा सौदा मला तरी पटत नाही.)

शिवाय ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. चकती फिरणारे जुने टायमर विजेच्या हर्ट्झवरच वेळ मोजतात. ६० हर्ट्झचा टायमर आपल्याकडे २४ तासांची फेरी २८ तास ४८ मिनिटांत पूर्ण करतो. आज संध्याकाळी ७ ला लागलेला अंगणातला दिवा उद्या रात्री पावणेबाराला लागेल. त्यापुढची फेरी थेट तेरवा, पहाटे साडेचारनंतर. डिमरही शून्यापासूनचा वेळ मोजून प्रकाश कमी करतो, तोही गडबडतो.

अमेरिकेतले भिंतीवरचे थर्मोस्टॅट बहुतेक २४ व्होल्टवर चालतात, त्यामुळे ते जळण्याची भीती कमी. पण आपल्या स्प्लिट एसीला तशी वायरिंगच नसते.

म्हणून बॅग भरण्याआधीच लेबलचा फोटो मागवा. इनपुटमध्ये २३० व्होल्ट बसतात का आणि ५० हर्ट्झ लिहिलंय का, दोन्ही पाहा. झेड-वेव्हची वस्तू असेल तर व्होल्टेज जुळूनही थांबा: अमेरिकेत तिची फ्रिक्वेन्सी ९०८ मेगाहर्ट्झच्या आसपास, भारतात ८६५ च्या. इथल्या हबशी ती बोलणारच नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवाल्यांना ही अडचण येत नाही.