दिवाळीनंतरची वाट

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, की माझ्या वर्गातील दोन बाके रिकामी असतात. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील आमच्या गावाला लागून एक तांडा आहे. तेथील आईबाप या दिवसांत मुलाबाळांसह ऊसतोडीला जातात. हजेरीपटावर मी नेमाने ‘गैरहजर’ असा शेरा मारीत आलो. एकदा एका मुलाची चौकशी करायला मी तांड्यावर गेलो, तेव्हा त्याच्या म्हाताऱ्या आजोबांनी मला बसायला घोंगडी टाकली आणि पेटीतून एक जुना पट्टा काढून दाखविला. त्यावर कवड्या शिवलेल्या होत्या. तांड्याच्या म्होरक्या बैलाच्या कपाळावर तो बांधीत असत. तो बैल जाऊन कित्येक पिढ्या झाल्या. पट्टा मात्र राहिला होता.

म्हातारा म्हणाला, “मास्तर, ही वाट आमची आजची न्हाई. आमचे वाडवडील याच दिसांत निघायचे. फरक इतकाच, की तवा बैलाच्या पाठीवर लोकांचं धान्य असायचं. आता आमच्या पाठीवर उचल असती.”

त्या एका वाक्यापायी मी बंजाऱ्यांचा इतिहास वाचावयास घेतला.

हिवाळ्यातच निघण्यामागे साधा हिशेब होता. पावसाळ्यात दख्खनच्या काळ्या मातीतून लादलेला बैल चालू शकत नाही आणि नद्याही उतार देत नाहीत. उन्हाळ्यात गवत वाळते, पाणवठे आटतात. मधल्या महिन्यांत मात्र खरिपाचे धान्य बाजारात आलेले असते, ओढ्यांना पाणी असते आणि माळावर चारा असतो. बंजाऱ्यांच्या धंद्याचे सारे मर्म या चाऱ्यात होते. बैल वाटेवरच चरत जाई. म्हणून वाहतुकीला खर्च फार थोडा येई. दोन्ही बाजूंना गोण्या लोंबत्या टाकून बैल सकाळच्या गारव्यात हाकावयाचे आणि मुक्कामी गोण्या उतरवून त्यांचीच भिंत रचावयाची, असा क्रम असे. बायकामुले, कुत्री, भांडीकुंडी सारे बरोबर असे. घर मागे ठेवून निघालेला हा प्रवास नव्हता. घरच चालत होते.

पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ साली उत्तरेत असा एक तांडा भेटला. त्यात त्याने चौदा हजार बैल सांगितले आहेत, प्रत्येकाच्या पाठीवर चार मोठे मण धान्य. म्हणजे एकाच तांड्यातून छप्पन्न हजार मण धान्य चालले होते! चाल मात्र दिवसाकाठी सहा-सात मैलांची. त्याच शतकात टॅव्हर्नियर हा फ्रेंच जवाहिऱ्या हिंदुस्थानात फिरला. दहा-बारा हजार बैलांचा तांडा अरुंद वाटेवर समोरून आला, तर तो सरेपर्यंत दोन-तीन दिवस थांबावे लागते, अशी त्याची तक्रार आहे. या लोकांच्या चार जमाती असून एक धान्य, दुसरी तांदूळ, तिसरी डाळी आणि चौथी मीठ वाहते, असेही तो लिहितो. मिठाला संस्कृतात लवण म्हणतात; त्यावरून ‘लमाण’ हा शब्द आला असे काही अभ्यासक मानतात. कोकणचे मीठ घाटावर आणि घाटावरचे धान्य कोकणात, ही देवाणघेवाण शतकानुशतके बैलांच्या पाठीवरूनच झाली.

आपल्या इतिहासात दसऱ्याच्या सीमोल्लंघनाचे वर्णन पानोपानी येते. पण फौज निघाली म्हणजे तिला रोज खावयास लागते, या गोष्टीकडे आपण सहसा पाहत नाही. १८०३ च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीने अहमदनगरचा किल्ला घेतला, सप्टेंबरात असईची, नोव्हेंबरात आडगावची लढाई झाली आणि डिसेंबरात गाविलगड पडला. या साऱ्या मोहिमेत त्याचा जीव बंजाऱ्यांच्या बैलांत अडकलेला होता. तांडे वेळेवर येतात की नाहीत, याची काळजी त्याच्या पत्रांतून पुनःपुन्हा डोकावते. धान्य आणणारा सर्वांनाच हवा असतो. म्हणून दोन्ही बाजूंच्या फौजा त्यांना वाट देत. ते निव्वळ संत होते असे मात्र मी म्हणणार नाही. टंचाईत ते भाव चढवीत, आणि काही तांड्यांनी लुटालूट केल्याच्या तक्रारीही इंग्रजी कागदांत आहेत. परंतु ज्याच्या भरवशावर सेनापती मोहीम आखतो, तो मनुष्य वाटमाऱ्या नसतो, व्यापारी असतो.

मग हे बैल गेले कोठे? १८३० साली बोरघाटात गाडीरस्ता झाला, तेथून घसरण लागली. १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी धावली, १८६३ साली ती बोरघाट चढली, १८६७ साली नागपूरला पोहोचली. वऱ्हाडचा जो कापूस बैलांवरून महिनोन्महिने मिर्झापूरपर्यंत जाई, तो आता थोड्या दिवसांत मुंबईच्या बंदरात येऊ लागला. धंदा बुडणे हे दुःख खरे, पण ते कालमानाचे दुःख. कोष्ट्यांवरही ते आले.

खरा अन्याय पुढचा आहे. १८७१ साली सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. एका ठिकाणी न राहणारा मनुष्य म्हणजे संशयित, ही त्याच्या मुळाशी असलेली समजूत. पुढे हा कायदा देशभर पसरला, आणि ठिकठिकाणच्या तांड्यांवर त्याची छाया पडली. हजेरी द्यावयाची, परवान्याशिवाय हलावयाचे नाही, असे निर्बंध आले. ज्यांचे चालणे हीच दोन शतकांपूर्वी राज्यांची गरज होती, त्यांचे चालणे हाच गुन्हा ठरला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. पण लोकांच्या मनातून तो रद्द व्हावयास तारीख नेमून देता येत नाही. गावात चोरी झाली, की अजूनही काही बोटे तांड्याकडे वळतात. ती मी पाहिली आहेत.

याच समाजातले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. १९७२ च्या दुष्काळात राज्याला दाणा पुरविण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली, हा मला केवळ योगायोग वाटत नाही. पण एक माणूस मुख्यमंत्री झाला म्हणून सगळा तांडा पोहोचला असे होत नाही. बहुतेकांच्या वाट्याला मुकादमाची उचल, नवराबायकोचा मिळून एक कोयता आणि फडाजवळची पाचटाची कोपी आली. वाट तीच, महिने तेच. माल मात्र आता त्यांचा नाही आणि बैल असले तरी ते गाडीला जुंपलेले.

मुले परततात तेव्हा वर्ष संपत आलेले असते आणि इतिहासाचे पुस्तकही. म्हणून गेल्या वर्षी मी क्रम मोडला. सहामाही परीक्षा झाल्यावर, ती मुले निघण्यापूर्वी, दोन तास घेऊन त्यांना हे सारे सांगितले. चौदा हजार बैल म्हणताच वर्ग हसला. पण मागच्या बाकावरची एक मुलगी हसली नाही. तिने विचारले, “सर, एवढं धान्य आपल्याकडं होतं, तर आपण ते कुणाला दिलं?”

मी म्हणालो, “सगळ्यांना.”

दिवाळी झाली आणि ती आईबापांबरोबर गेली. तिच्या नावापुढे मी नियमाप्रमाणे ‘गैरहजर’ लिहिले. पण या वेळी तो शेरा लिहिताना माझा हात क्षणभर अडखळला, एवढे मी कबूल करतो.