बर्न्स सपर : कवीच्या पंगतीतील नगरप्रमुख

जानेवारी महिना उजाडला की स्कॉटलंडमधील प्रोव्होस्टांकडे, म्हणजेच नगरप्रमुखांकडे, ‘बर्न्स सपर’ या रात्रभोजनाची निमंत्रणे येऊ लागतात. राष्ट्रकवी रॉबर्ट बर्न्स यांची जयंती २५ जानेवारीला असते. त्या सुमारास होणाऱ्या या समारंभात पदाची साखळी गळ्यात घालून प्रोव्होस्ट मुख्य मेजावर बसतात. मात्र, ज्याच्या स्मरणार्थ ही पंगत बसते, त्या कवीने पदांचा आणि पदव्यांचा डौल कधीच मानला नाही. त्यामुळे मान स्वीकारायचा, पण मिरवायचा नाही, ही येथील सन्माननीय पाहुण्याची खरी कसोटी असते.

बर्न्स यांचा जन्म १७५९ मध्ये एअरशायरमधील अ‍ॅलोवे येथे एका कुळाच्या घरी झाला. त्यांचा पहिला काव्यसंग्रह १७८६ मध्ये किल्मार्नॉक येथे छापला गेला. त्याच्या ६१२ प्रती निघाल्या. पुढे त्यांनी अबकारी खात्यात नोकरी केली. २१ जुलै १७९६ रोजी, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी, डम्फ्रीज येथे त्यांचे निधन झाले.

पहिले बर्न्स सपर जयंतीचे नव्हे, तर पुण्यतिथीचे होते. जुलै १८०१ मध्ये, पाचव्या स्मृतिदिनी, नऊ स्नेही अ‍ॅलोवेतील त्यांच्या जन्मघरात जमले. हॅमिल्टन पॉल हे धर्मोपदेशक त्यांचे यजमान होते. जेवणात मेंढीचे मुंडके आणि हॅगिस होते. ग्रीनॉक येथील मंडळाने पुढे जानेवारीत भोजन ठेवले, तेही चुकीच्या समजुतीने २९ तारखेला. चर्चच्या नोंदवहीतून खरी जन्मतारीख १८०३ मध्ये स्पष्ट झाली.

समारंभाचा क्रम आता ठरून गेला आहे. बॅगपाइपच्या सुरांत मुख्य मेजावरील पाहुणे सभागृहात येतात. अध्यक्षांचे स्वागतपर भाषण आणि ‘सेलकर्क ग्रेस’ ही छोटी प्रार्थना झाल्यावर पुन्हा पाइप वाजू लागतो. या वेळी मिरवणूक हॅगिसची असते आणि प्रोव्होस्टांसह सारे सभागृह उभे राहते. मेंढीचे हृदय, यकृत व फुप्फुसे, ओट्सचा भरडा, कांदा, चरबी आणि मसाला जठराच्या पिशवीत भरून शिजवलेला हा पदार्थ गरिबाघरचा. बर्न्स यांनी त्याच्यावर कविता रचून त्याला मान मिळवून दिला. तीच कविता म्हणताना सुरीने हॅगिस कापले जाते. सोबत कुस्करलेले सलगम आणि बटाटे असतात. शाकाहारी पाहुण्यांसाठी डाळी, भाज्या व ओट्सचे हॅगिसही मिळते.

भोजनानंतरचे ‘इमॉर्टल मेमरी’ हे स्मृतिभाषण म्हणजे समारंभाचा गाभा होय. त्यानंतर स्त्रियांचा विनोदी गौरव आणि त्यांच्या वतीने तितकेच खमंग उत्तर होते. प्रोव्होस्टांना प्रार्थना म्हणण्याची अथवा शुभेच्छा देण्याची विनंती होऊ शकते. अशा वेळी मोजके बोलणे शोभते. सूत्रे अध्यक्षांच्याच हाती असतात. शुभेच्छेचा पेला व्हिस्कीचाच असावा, असे बंधन नाही.

नगरसंस्थेचा आणि या कवीचा संबंध केवळ मरणोत्तर नाही. डम्फ्रीज नगराने १७८७ मध्ये बर्न्स यांना मानद नागरिकत्व दिले होते. पुढे तेथेच राहू लागल्यावर त्यांनी १७९३ मध्ये प्रोव्होस्ट व नगरपरिषदेला पत्र लिहिले. प्रत्यक्ष नागरिकांच्या मुलांना शाळेच्या शुल्कात मिळणारी सवलत आपल्या मुलांनाही मिळावी, अशी त्यांची विनंती होती. ती मान्य झाली. कवीला मानपत्र मिळाले होते. संसाराला मात्र सवलतीची गरज होती. मुख्य मेजावर बसणाऱ्या नगरप्रमुखाने ही घटना लक्षात ठेवण्याजोगी आहे.

माणसाचे मोल पदावर ठरत नाही, हे सांगणारे बर्न्स यांचे ‘अ मॅन्स अ मॅन फॉर अ दॅट’ हे गीत १ जुलै १९९९ रोजी स्कॉटिश संसदेच्या उद्घाटनप्रसंगी राणी एलिझाबेथ यांच्या उपस्थितीत गायले गेले. सपरची सांगता ‘ऑल्ड लँग साइन’ने होते. सारे जण हात धरून कडे करतात. त्या कड्यात प्रोव्होस्टांसाठी वेगळी जागा राखलेली नसते. शेजारी जो उभा असेल, त्याचा हात धरायचा असतो.