झाडावरचा मुक्काम

शाळेत असताना जिम कॉर्बेटने मला वेड लावले होते. काळाढुंगीचा हा शिकारी नरभक्षक वाघामागे रानोमाळ हिंडतो, मचाणावर रात्र काढतो आणि पुढे बंदूक ठेवून कॅमेरा हाती घेतो, या साऱ्याची मोहिनी मनावर फार काळ राहिली. 1947 साली देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी हा माणूस बहिणीसह हिंदुस्थान सोडून केनियातील न्येरी गावी राहायला गेला, हे कळले तेव्हा मला जरा रागच आला होता. पण त्याच्या अखेरच्या पुस्तकाने तो राग घालवला. ‘ट्री टॉप्स’ हे त्याचे नाव. कॉर्बेट एप्रिल 1955 मध्ये वारला. पुस्तक त्याच साली, त्याच्या मागे प्रसिद्ध झाले.

ट्रीटॉप्स म्हणजे एक मचाणच; फरक इतकाच की खाली बकरे बांधायचे नाही. एरिक शेरब्रुक वॉकर या इंग्रज हॉटेलवाल्याने 1932 साली अ‍ॅबरडेअरच्या अरण्यात, एका पाणवठ्याच्या काठी, उंबराच्या जातीच्या प्रचंड झाडावर दोन खोल्यांचे घर बांधले. पाहुण्यांनी शिडीने वर चढायचे, कुजबुजतच बोलायचे आणि रात्रभर खाली पाहत बसायचे. पाणवठ्याशी मीठ टाकलेले असे. त्याच्या ओढीने हत्ती येत, गेंडे येत, रानरेडे येत. ज्या आफ्रिकेत गोरा पाहुणा तोवर शिंगे आणि कातडी न्यायला येत असे, तिथे नुसते पाहून परत जाण्यासाठी पैसे मोजणारा पाहुणा निर्माण झाला. ही गोष्ट लहान नव्हे.

5 फेब्रुवारी 1952 रोजी पंचवीस वर्षांची राजकन्या एलिझाबेथ पतीसह या झाडावर चढली. हत्तींचा कळप पाणवठ्यावरच होता; त्यांच्या जवळून चालत जाऊन तिने शिडी गाठली. शहात्तर वर्षांचा कॉर्बेट सोबतीला होता. ती रात्र त्याने शिडीच्या तोंडाशी पहारा करीत काढली. त्याच रात्री तिकडे सँड्रिंगहॅमला राजे सहावे जॉर्ज झोपेतच वारले. राजकन्या म्हणून झाडावर चढलेली मुलगी राणी होऊन उतरली, असे कॉर्बेटने पाहुण्यांच्या वहीत नोंदवले आणि ते जगभर गेले. तिला स्वतःला मात्र ही वार्ता झाडावर कळलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी, सगाना येथील मुक्कामी, पतीने ती सांगितली.

ही हकिगत मी कितीदा तरी सांगितली आहे, आणि ऐकणारेही प्रत्येक वेळी खूश झाले आहेत. मात्र 27 मे 1954 रोजी ते झाड घरासकट जाळण्यात आले, हे मी एका वाक्यात उरकीत असे. ‘माऊ माऊवाल्यांनी जाळले’ एवढे म्हटले की संपले! का जाळले, हे विचारण्याची बुद्धी मला कधी झाली नाही. ज्याच्या देशात परक्या सत्तेची कचेऱ्या-ठाणी जाळणारे देशभक्त म्हणून पूजिले गेले, त्याला तरी ती व्हायला हवी होती.

वीसेक वर्षांपूर्वी तिथे एक रात्र राहण्याचा योग आला. जुन्या झाडाच्या समोर, पाणवठ्याच्या दुसऱ्या काठाला, 1957 साली खांबांवर उभारलेले हे नवे, मोठे हॉटेल. दुपारी बबून माकडांनी एका बाईंच्या हातची बिस्किटे पळवली आणि सगळे हसले. अंधार पडल्यावर दिवे लागले. रानरेडे चिखलात येऊन बसले. मग आवाज न करता हत्ती आले. एवढे धूड, पण पाऊल वाजत नाही! सोंडेच्या टोकाने माती उकरून ते मीठ खात होते. मी श्वास रोखून पाहत राहिलो.

मध्यरात्री तिथला एक साठीचा नोकर चहा घेऊन आला. जुने झाड कुठे होते, असे मी विचारले. त्याने दिव्यांच्या पलीकडचा अंधार दाखवला आणि म्हणाला, “ते मुगुमो होते. आमचे लोक त्याच्याखाली प्रार्थना करतात. माझे वडील त्या वर्षी याच रानात होते.” मी म्हटले, “प्राणी पाहायला?” प्रश्न तोंडातून गेला आणि मी ओशाळलो. तो शांतपणे म्हणाला, “नाही. लपायला.”

परत आल्यावर मी वाचू लागलो. किकुयूंच्या जमिनी गोऱ्या वसाहतवाल्यांकडे गेल्या होत्या. त्यांच्या पुरुषांना ओळखपत्र डबीत घालून गळ्यात अडकवावे लागे. ऑक्टोबर 1952 मध्ये आणीबाणी पुकारली गेली. अ‍ॅबरडेअरच्या रानात बंडखोर शिरले आणि त्यावर लिंकन विमानांनी बाँब टाकले. ज्या रानात पाहुण्यांनी खोकूही नये असा दंडक होता, त्याच रानात! झाडावरच्या घराचा उपयोग सैनिक टेहळणीसाठी करीत, म्हणून ते जाळले, असे सांगतात. दहा लाखांहून अधिक माणसे पहाऱ्यातल्या खेड्यांत कोंडली गेली. बंडखोरांनीही क्रौर्य केले, आणि त्याचे बळी बहुतांशी किकुयूच होते. मारले गेलेले गोरे नागरिक 32. फासावर गेलेले बंडखोर मात्र हजारांहून अधिक. त्यांचा पुढारी देदान किमाथी न्येरीजवळच पकडला गेला आणि 18 फेब्रुवारी 1957 रोजी त्याला फाशी झाली. 12 डिसेंबर 1963 रोजी केनिया स्वतंत्र झाला. छळाबद्दल ब्रिटिश सरकारने खेद व्यक्त केला आणि पाच हजारांवर वृद्धांना भरपाई मान्य केली, ती थेट 2013 साली.

कॉर्बेटवरचे माझे प्रेम आजही कमी झालेले नाही. त्या वृद्धाने शिडीशी जागून काढलेली रात्र खरीच आहे. मात्र आता ती हकिगत सांगताना मी राणी उतरली तिथे थांबत नाही. झाड जळेपर्यंत सांगतो. ऐकणारे पूर्वीइतके खूश होत नाहीत. पण कोणी तरी विचारतो, “त्या नोकराच्या वडिलांचे पुढे काय झाले?” आणि मला कबूल करावे लागते की, चहाचा पेला परत देताना तेवढे विचारायचे माझ्याकडून राहून गेले. खाली पुन्हा हत्ती आले होते.